नवं खनिज सापडलंय असं वाटतंय? दगडापासून नावापर्यंतची वाट

माळव्याच्या काळ्या दगडातल्या पोकळीत पांढऱ्या सुयांचा झुबका दिसला आणि तो कुठल्याच चित्राशी जुळला नाही, तरी तो नवा असण्याची शक्यता फार थोडी. मान्यता मिळालेल्या खनिजांची संख्या आज सहा हजारांच्या वर आहे, आणि हाताशी येतं ते बहुतेकदा जुन्याच खनिजाचं अनोळखी रूप असतं. या कामातला सगळा कस ते जुनं नाही याची खात्री करण्यात लागतो. नाव ठेवणं हा त्यातला सर्वांत छोटा आणि सर्वांत शेवटचा भाग.

इंदूरकरांना याचं उदाहरण लांब शोधायला नको. दीडशेएक किलोमीटरवर झाबुआ जिल्ह्यात काजलीडोंगरीची मँगनीजची खाण आहे. तिथल्या नमुन्यांवरून फर्मोर या भूशास्त्रज्ञानं १९०६ च्या सुमारास दोन नावं दिली. बेरियम असलेल्या मँगनीजच्या ऑक्साईडला हॉलंडाईट, त्या वेळचे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संचालक थॉमस हॉलंड यांच्यावरून. आणि एका निळसर अँफिबोलला (अँफिबोल हा सिलिकेट खनिजांचा एक गट) विंचाईट, ते ज्यांना सापडलं त्या हॉवर्ड विंच यांच्यावरून. ही दोन्ही नावं आजही यादीत आहेत. त्याच फर्मोरनी दिलेली व्रेडेनबर्गाईट आणि सिटापराईट ही नावं मात्र टिकली नाहीत. सिटापराईट म्हणजे अमेरिकेतल्या युटामधून १८९७ मध्येच वर्णन झालेलं बिक्सबाईट निघालं. व्रेडेनबर्गाईट हे एक खनिज नव्हतंच. जेकोबसाईट आणि हॉसमनाईट ही मँगनीजची दोन खनिजं एकमेकांत इतके बारीक गुंतले होते की साध्या डोळ्यांना एकच चकाकती वस्तू दिसत होती. शेव-पोह्यांची एकत्र भुकटी करून तपासली तर एक ‘नवा पदार्थ’ सापडणारच. तेव्हा क्ष-किरण विवर्तन (क्ष-किरणांनी स्फटिकाची आतली रचना ओळखायची पद्धत) नव्हतं, त्यामुळे दोष द्यायला जागा नाही. आज तीच चूक केली तर आहे.

कशाला खनिज म्हणतात

आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेचा (आयएमए) एक आयोग यावर निर्णय देतो. त्याच्या दृष्टीनं पदार्थ भूशास्त्रीय प्रक्रियेनं तयार झालेला हवा, आणि सहसा स्फटिकरूप. माणसानं केलेलं चालत नाही. भट्टीची मळी, कारखान्याचा गाळ, मुद्दाम पेटवलेल्या ढिगाऱ्यातली वाफेची पुटं, ही सगळी बाद. खाणीच्या उघड्या भिंतीवर हवापाण्यानं आपोआप फुटलेला क्षार चालतो, पण तिथं कुणी रसायन ओतलेलं नाही हे दाखवावं लागतं. झारखंडच्या बोकारो कोळसाक्षेत्रात भाजून निघालेल्या गाळाच्या खडकातून १९५४ मध्ये इंडियालाईट वर्णन झालं. अशा ठिकाणचा नमुना आज कुणी आणला तर पहिला प्रश्न येईल, आग कशानं लागली?

दख्खन ट्रॅपच्या काळ्या दगडात काम करणाऱ्यांनी झिओलाईटचा (पोकळ्यांच्या सांगाड्याची, पाणी धरणारी सिलिकेट खनिजं) १९९७ चा नियम पाठ करून ठेवावा. झिओलाईटची जात ठरते ती सांगाड्याच्या रचनेवरून आणि त्या सांगाड्याच्या पोकळ्यांत सर्वांत जास्त असलेल्या धनायनावरून (धनभारित अणूवरून). म्हणून स्टिलबाईट आता कॅल्शियमवालं आणि सोडियमवालं अशी दोन आहेत, ह्यूलँडाईट तर पाच. पाणी कमीजास्त असलं म्हणून नवी जात होत नाही. सिलिकॉन-ॲल्युमिनियमचं प्रमाण बदललं तरीही सहसा नाही (ह्यूलँडाईट आणि क्लिनोप्टिलोलाईट हा एक अपवाद). या दोन कारणांनी कितीतरी ‘शोध’ पहिल्याच आठवड्यात विरतात, आणि विरलेलेच बरे.

दगड उचलताना

चालू खाणीत व्यवस्थापकाच्या लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. खासगी विहीर किंवा गिट्टीखाण असेल तर मालकाला विचारा. परवानगीचा कागद पुढं संग्रहालयही मागू शकतं.

प्रत्येक नमुन्याला जागेवरच क्रमांक, जीपीएस, खाणीतली पातळी, सोबतची खनिजं आणि तारीख. ‘झाबुआ परिसर’ एवढ्या पत्त्यावर अर्ज उभा राहत नाही. विकत घेतलेल्या नमुन्याची हीच पंचाईत होते: व्यापारी गाव सांगतो ते खरं असेलच असं नाही. आसपासचा साधा दगडही मूठभर घ्या. खनिज कशातून आणि कोणत्या क्रमानं तयार झालं हे त्याच दगडात लिहिलेलं असतं, आणि उत्साहाच्या भरात लोक नेमका तोच फेकून देतात.

धुवायची घाई नको. खाणीच्या भिंतीवरचे सल्फेटचे फुलोरे पाण्यात विरघळून जातात. हायड्रोक्लोरिक आम्ल कार्बोनेट खाऊन टाकतं. गंज काढायला ऑक्झॅलिक आम्ल वापरायची पद्धत आहे. त्यात कॅल्शियमवाला दगड बुडवला की त्यावर कॅल्शियम ऑक्झॅलेटचं पूट बसतं, आणि मग तेच कुणीतरी नवं खनिज म्हणून तपासायला पाठवतं. कोरडा मऊ ब्रश आणि हवेचा फुगा एवढंच सुरुवातीला पुरे. लॉमोंटाईट मे महिन्यातल्या इंदुरी हवेत पाणी सोडून भुसभुशीत होतं, तर काही सल्फेट पावसाळ्यात ओल धरून भलतंच रूप घेतात. दोघांनाही हवाबंद डबीत ठेवा. आणणं आणि तपासणं यातलं अंतर कमी करा.

जुनं नाही ना?

दहा पटीचं भिंग, मग कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागातला द्विनेत्री सूक्ष्मदर्शक. रंग, चकाकी, फरशीवर घासल्यावर उमटणारी रेघ, ज्या सपाट पातळ्यांवर खनिज फुटतं त्यांची दिशा, अतिनील दिव्याखाली चमक, थेंबभर पातळ आम्लाला प्रतिसाद (वेगळ्या तुकड्यावर). इथं नव्वद टक्के शंका मिटतील असं आकडा लावून सांगत नाही, पण बऱ्याच मिटतात.

त्यानंतर रामन वर्णपट, म्हणजे नमुन्यावर लेझर टाकून विखुरलेल्या प्रकाशावरून खनिज ओळखणं. नमुना झिजत नाही, तयारी लागत नाही. मिळालेला आलेख रफ या खुल्या संग्रहातल्या आलेखांशी ताडून पाहा. काळ्या मँगनीज ऑक्साईडवर लेझरची शक्ती अगदी कमी ठेवा. जास्त झाली तर कण तापून जागच्या जागी हॉसमनाईट होतो आणि तुम्ही आपणच बनवलेल्या खनिजाचा वर्णपट घेत बसता.

भुकटीचं क्ष-किरण विवर्तन ही तिसरी चाळणी. खंडवा रोडवर विद्यापीठाच्या आवारात यूजीसी-डीएईचं वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे, तिथं अशी उपकरणं आहेत. संशोधकांना प्रस्ताव देऊन ती वापरता येतात. तांब्याच्या नळीचे किरण लोह आणि मँगनीजवर पडले की प्रतिदीप्तीनं (नमुना स्वतःच परत सोडतो त्या क्ष-किरणांनी) पार्श्वभूमी उंचावते आणि लहान शिखरं बुडतात. कोबाल्टच्या नळीनं लोहाचा त्रास जातो, मँगनीजचा जात नाही. तिथं ऊर्जा निवडणारा डिटेक्टर लागतो. स्टिलबाईट, ॲपोफिलाईट यांसारखी पत्र्यांची खनिजं नमुनापट्टीवर आडवी झोपतात आणि एकच शिखर आभाळाला टेकतं. तीव्रता जुळत नाही म्हणून लगेच ‘नवं’ म्हणू नये. जागा पाहा, उंची नंतर.

प्रोबवर

प्रोब म्हणजे बारीक इलेक्ट्रॉन शलाका टाकून कणाचं रसायन मोजणारं यंत्र. त्यासाठी कण २५ मिलिमीटरच्या इपॉक्सीच्या वडीत बसवून ९, ३, १ आणि शेवटी पाव मायक्रॉनपर्यंत घासायचा, मग कार्बनचा सुमारे २० नॅनोमीटर थर. या पायरीवर भेसळ शिरते. घासायच्या पुडीतलं सिलिकॉन कार्बाईड भेगेत अडकतं आणि ‘मॉयसनाईट’ (त्याच रसायनाचं नैसर्गिक खनिज) म्हणून चमकतं. हातोड्याचं पोलाद ‘मूळ लोह’ (निसर्गात मूलद्रव्यरूपात मिळणारं लोह) होतं. शिशाच्या चकतीवर घासलं असेल तर ‘मूळ शिसं’. संशयास्पद कण दगडाच्या आत, दुसऱ्या खनिजानं वेढलेला दिसला तरच त्यावर विश्वास ठेवा.

परत फेकलेल्या इलेक्ट्रॉनच्या चित्रात जड मूलद्रव्यं उजळ दिसतात. एकाच कणात दोन छटा दिसल्या तर तिथंच थांबा: पट्टे आहेत की दोन खनिजं, याचा निकाल लागल्याशिवाय पुढं जाण्यात अर्थ नाही.

झटपट ईडीएसवर (क्ष-किरणांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या डिटेक्टरवर) फार विसंबू नका. बेरियम आणि टायटॅनियमच्या रेषा जवळपास एकाच जागी (४.४७ आणि ४.५१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) पडतात, मँगनीजची दुसरी रेषा (६.४९) लोहाच्या पहिलीवर (६.४०) चढते. झाबुआच्या दगडात हे चौघं एकत्र भेटू शकतात, म्हणजे घोळ ठरलेलाच. गंधक, शिसं आणि मॉलिब्डेनम हे तिघंही असेच एकमेकांच्या अंगावर. म्हणून तरंगलांबी वेगळी करणारा मायक्रोप्रोब लागतो. तो आयआयटी मुंबई, बनारस हिंदू विश्वविद्यालय अशा मोजक्या ठिकाणी आहे. नेहमीची मांडणी १५ किलोव्होल्ट, १० ते २० नॅनोअँपिअर, शलाका १ ते ५ मायक्रॉन. झिओलाईट किंवा पाणी धरलेलं दुसरं काही असेल तर शलाका १० ते २० मायक्रॉनपर्यंत पसरवा, प्रवाह कमी करा आणि सोडियम सर्वांत आधी मोजा, कारण तो किरणांखालून पळतो. वेगवेगळ्या कणांवर निदान दहा बिंदू घ्या. सरासरीइतकेच त्यांचे किमान-कमाल आकडेही छापायचे असतात.

ऑक्साईडांच्या टक्क्यांची बेरीज शंभराच्या आसपास आली नाही तर घाबरायचं कारण नाही, पण तिचा हिशेब द्यावा लागतो. प्रोब हायड्रोजन आणि लिथियम पाहत नाही. बेरिलियम आणि बोरॉन पाहणं अवघड. स्टिलबाईटमध्ये १७-१८ टक्के पाणी असतं, म्हणजे बेरीज ८२ च्या आसपास येणं बरोबरच. निर्वातात पाणी उडालं तर ती ८८-९० दिसते आणि सगळेच ऑक्साईड फुगलेले असतात. ‘शंभरातून वजा केलं ते पाणी’ असं लिहून भागत नाही. इन्फ्रारेड, रामन किंवा रचनेतून पाणी आहे, आणि ते रेणूच्या रूपात आहे की हायड्रॉक्सिलच्या, हे दाखवा. झिओलाईटसाठी एक चटकन ताळा (अणूंच्या संख्येत): सोडियम अधिक पोटॅशियम, अधिक कॅल्शियम-मॅग्नेशियम-स्ट्रॉन्शियम-बेरियमच्या बेरजेची दुप्पट, हे ॲल्युमिनियमच्या दहा टक्क्यांच्या आत यायला हवं. न आलं तर विश्लेषण पुन्हा.

सूत्र: इथं सर्वांत जास्त गफलत होते

रचनेतल्या एखाद्या जागेवर कोण ‘मालक’ आहे, यावर नवं की जुनं ते ठरतं. जागेवर कॅल्शियम ०.४५, स्ट्रॉन्शियम ०.३५ आणि बेरियम ०.२० असेल तर मालक कॅल्शियम. अर्ध्याच्या वर असण्याची गरज नाही, सर्वांत जास्त असलं की झालं. पण भार वेगवेगळे असतील आणि जागेचा एकूण भार रचनेनं बांधून घातलेला नसेल, तर आधी भाराचे गट करायचे. समजा एका जागेवर ॲल्युमिनियम ०.४५, द्विभारी लोह ०.३० आणि मॅग्नेशियम ०.२५. एकटा सर्वांत मोठा ॲल्युमिनियम, म्हणून ‘ॲल्युमिनियमचं नवं खनिज’ अशी घोषणा करायचा मोह होतो. द्विभारींची बेरीज मात्र ०.५५, म्हणजे जागा द्विभारींची, आणि त्यांच्यात लोह पुढं. हे लोहाचं खनिज, आणि ते बहुधा यादीत आधीच आहे. असा हिशेब कागदावर दोनदा करून मगच मित्रमंडळींना फोन करावा.

मँगनीज आणि लोहाचा भार प्रोब सांगत नाही. हॉलंडाईटसारख्या खनिजात बराचसा मँगनीज चतुर्भारी आणि थोडा त्रिभारी असतो. सगळा द्विभारी धरून मोजलात तर ऑक्सिजन कमी पडतो आणि बेरीज बसत नाही. लोहासाठी मॉसबाउअर (गॅमा किरणांचा) वर्णपट, मँगनीजसाठी क्ष-किरण शोषण वर्णपट. यासाठी इंदूरकरांचं नशीब जोरावर आहे: राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्रातल्या २.५ जीईव्हीच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (वेगवान इलेक्ट्रॉनांपासून तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) शोषण वर्णपटाची बीमलाईन, म्हणजे किरणमार्ग (क्रमांक ९) आहे, भुकटीच्या विवर्तनाची (१२) आहे आणि सूक्ष्म क्ष-किरण प्रतिदीप्तीचीही (१६). तिथं तरंगलांबी हवी ती निवडता येत असल्यामुळे मघाचा मँगनीजच्या प्रतिदीप्तीचा त्रासही टाळता येतो. प्रस्ताव लिहून वेळ मिळवायची. प्रस्तावात कणाचा आकार, अंदाजे सूत्र आणि आधीचं प्रोब विश्लेषण नसेल तर तो मागं पडतो.

रचना आणि ताळा

एकस्फटिक विवर्तनाला साधारण २० ते १०० मायक्रॉनचा, एकसंध विझणारा कण लागतो. ध्रुवित प्रकाशात फिरवून पाहा. एका बाजूनं आधी आणि दुसरीकडून मागाहून अंधारला तर तो जुळा आहे. शक्य असेल तर ज्या कणाचं रासायनिक विश्लेषण झालं त्याचीच रचना काढा. रचना सोडवलेली नसेल तर अर्ज अगदीच बाद होतो असं नाही, पण ‘का नाही?’ याचं उत्तर पटण्यासारखं हवं.

पारदर्शक खनिजाचे अपवर्तनांक निमज्जन तेलात, ५८९ नॅनोमीटरच्या सोडियम प्रकाशात मोजायचे. अपारदर्शक असेल तर परावर्तन ४७०, ५४६, ५८९ आणि ६५० नॅनोमीटरवर. कठिनता, मिळाली तर मोजलेली घनता, आणि सूत्र व एककोषावरून (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत छोट्या घटकावरून) काढलेली घनता.

मग ग्लॅडस्टोन-डेलचा ताळा. रसायन, घनता आणि प्रकाशगुण ही तिन्ही मापं वेगवेगळ्या यंत्रांवरून आलेली. ती एकमेकांशी खोटं बोलत असतील तर इथं पकडली जातात. सरासरी अपवर्तनांकातून १ वजा करून घनतेनं भागायचं, ही मोजलेली बाजू. प्रत्येक ऑक्साईडचा ठरलेला स्थिरांक त्याच्या वजनाच्या हिश्शानं गुणून बेरीज करायची, ही हिशेबाची बाजू. पहिलीला दुसरीनं भागून १ मधून वजा करा. क्वार्ट्झवर करून पाहा: सरासरी अपवर्तनांक १.५४७, घनता २.६५, म्हणजे ०.२०६४, सिलिकाचा स्थिरांक ०.२०८, उत्तर ०.००८ च्या आत. शून्याच्या दोन्ही बाजूंना ०.०२ च्या आतलं उत्तर सर्वोत्तम, ०.०४ पर्यंत उत्कृष्ट, ०.०६ पर्यंत चांगलं, ०.०८ पर्यंत चालण्यासारखं, त्यापुढं वाईट. वाईट आलं की आधी पाणी तपासा, मग घनता. अपवर्तनांक सहसा शेवटी चुकीचा निघतो.

अर्ज

आयोगाचा ठरलेला तक्ता असतो आणि तो ईमेलनं अध्यक्षांकडे जातो. त्यात वर सांगितलेलं सगळं, शिवाय एक तुलनेचा तक्ता: तुमचं खनिज आणि त्याची रचनेनं किंवा रसायनानं जवळची नातलग खनिजं शेजारी शेजारी. सदस्य सर्वांत आधी हाच तक्ता वाचतात. कमी पडलेली माहिती लपवू नका. ‘कण ३० मायक्रॉनचे असल्यानं घनता मोजता आली नाही’ हे वाक्य चालतं, रिकामी चौकट चालत नाही.

अध्यक्ष तपासून क्रमांक देतात (वर्ष आणि अनुक्रम), मग देशोदेशीच्या सदस्यांकडे तो मतदानाला जातो. साधारण तीन महिने धरून चाला. अर्ध्याहून जास्त सदस्यांनी मत दिलं आणि त्यात दोनतृतीयांशांहून अधिक होकार आले तर खनिज मान्य. नावावर वेगळं मत होतं, त्याला साधं बहुमत पुरतं. म्हणून खनिज पास आणि नाव नापास, असंही घडू शकतं. तोवर नाव छापायचं नाही: प्रबंधात नाही, परिषदेच्या सारांशात नाही, इंदूरच्या वर्तमानपत्रात तर नाहीच.

नाव

नाव सुचवण्याचा अधिकार वर्णन करणाऱ्या लेखकांचा. दगड ज्याला सापडला किंवा ज्याच्या जमिनीत निघाला त्याचा नव्हे. त्याला लेखकांत घ्यायचं की त्याच्यावरून नाव ठेवायचं, हे आधीच बोलून घेतलेलं बरं, नाहीतर मैत्री जाते. लेखकाला स्वतःचं नाव देता येत नाही. हयात व्यक्तीचं द्यायचं तर तिची संमती अर्जाआधी हवी, आणि त्या व्यक्तीचं खनिजशास्त्राशी काही नातं असेल तर मतदानात कुणी भुवई उंचावत नाही. आजोबांचं किंवा नगरसेवकाचं नाव सुचवायचा विचार सोडा.

गावावरून ठेवलेलं नाव सर्वांत सुरक्षित. रोमन लिपीतलं स्पेलिंग स्थानिक चलनातलं घ्या आणि यादीतल्या एखाद्या नावाशी उच्चारात घोटाळा होत नाही ना, ते पाहा. रासायनिक नातं असेल तर उपसर्गाचे नियम आहेत. विरळ मृदा मूलद्रव्यं (सिरियम, लँथॅनम वगैरे) मुख्य असतील तर नावाच्या शेवटी कंसात प्रमुख मूलद्रव्याचं चिन्ह लागतं. झिओलाईट मालिकेतलं नवं धनायन असेल तर नवं नाव लागतच नाही; जुन्या नावाला जोडचिन्हानं त्या मूलद्रव्याचं चिन्ह जोडायचं, आणि मान्यता मात्र तशीच घ्यायची.

प्रकार-नमुना (ज्यावरून वर्णन केलं तो नमुना) सार्वजनिक संग्रहालयात कायमचा ठेवणं बंधनकारक आहे. सगळी मापं एकाच नमुन्यावर झाली असतील तर तो होलोटाईप. दोनतीन नमुन्यांवर वाटली गेली असतील तर ते कोटाईप. प्रोबची वडी आणि रचनेसाठी वापरलेला स्फटिकही त्यासोबत द्या. संग्रहालयाचा नोंदक्रमांक अर्जातच लागतो, म्हणून पत्रव्यवहार रचना सुटायच्या आधी सुरू करा. मान्यतेचं पत्र आल्यापासून दोन वर्षांच्या आत संपूर्ण वर्णन छापून यायला हवं. नाही आलं तर मान्यता रद्द होते, आणि तोच दगड दुसरं कुणी दुसऱ्या नावानं मांडू शकतं.